अपडेट द्या, पण विचारून द्या

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचे पुढचे मोठे अपडेट येणार अशी चर्चा सुरू झाली की अपेक्षांच्या याद्याही सुरू होतात. कुणाला टास्कबार, म्हणजे खालची बटणांची पट्टी, पडद्याच्या डाव्या कडेला उभी करून हवी असते, कुणाला स्टार्ट मेनूत डोकावणाऱ्या जाहिरातवजा शिफारशी नको असतात, कुणाला सगळ्या खिडक्या एकसारख्या काळ्या रंगात हव्या असतात. या अपेक्षा चुकीच्या आहेत असे मी म्हणणार नाही. टास्कबार हवा तिकडे नेण्याची सोय विंडोज ९५ मध्येही होती आणि २०२१ मध्ये विंडोज ११ आणताना ती काढून टाकण्याचे पटेल असे कारण मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही. परंतु देवगडसारख्या तालुक्याच्या गावी डीटीपीचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची मागणी याहून कितीतरी साधी आहे, आणि २०१५ साली विंडोज १० आल्यापासून आजपर्यंत ती कुणी मनावर घेतलेली नाही, याचा मला मनापासून संताप येतो. अपडेट कधी उतरवायचे, त्यातले काय काय घ्यायचे आणि संगणक बंद करून पुन्हा कधी सुरू करायचा, हे तिन्ही निर्णय ज्याने संगणकाचे पैसे मोजले त्याचे आहेत. ते त्याला परत मिळाले पाहिजेत.

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. तिकडची मंगळवारची सकाळ म्हणजे आपल्याकडची मंगळवारची रात्र. परिणामी बुधवारी सकाळी शटर वर करून संगणक चालू केले की ते अपडेट उतरवायला बसतात आणि दुकानातले जे काही तुटपुंजे इंटरनेट असते ते गिळून टाकतात. आमच्याकडचे इंटरनेट कसे असते हे बाहेरच्यांना सांगावे लागते. रस्त्याच्या कामात केबल तुटली की ती जोडायला माणूस येईपर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर धंदा करायचा, त्या मोबाइलचा पॅक दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा, आणि आत खोलीत रेंज येत नाही म्हणून तो फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवायचा. अशा वेळी प्रवेशाच्या अर्जाची शेवटची तारीख असते, समोरच्या बाकावर पहिल्या एसटीने आलेली आई आणि तिचा मुलगा बसलेले असतात, 'काका, आज झालाच पाहिजे हो,' असे ती दोनदा म्हणालेली असते, ओटीपी येऊन त्याची मुदत संपते, फोटो अपलोड होता होता पान अडकते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात मात्र कुणीही न मागितलेले काहीतरी निवांत उतरत असते. त्या मुलाचे वर्ष त्या पॅकवर अवलंबून आहे, हे त्या अपडेटला कळत नाही आणि ते बनवणाऱ्यांनी कधी कळून घेतलेले नाही.

यावर जाणकार सांगतात की सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड' जोडणीचा पर्याय चालू करा, म्हणजे या जोडणीवरचा डेटा मोजका आहे हे विंडोजला कळते. तो मला ठाऊक आहे. परंतु तो प्रत्येक जोडणीसाठी वेगळा चालू करावा लागतो. आज माझा फोन, उद्या पुतण्याचा, परवा शेजारच्या मेडिकलवाल्याचे वायफाय, असे ज्याला दिवस काढावे लागतात त्याने प्रत्येक वेळी आठवणीने ती खूण करायची, आणि एकदा विसरला की पॅक संपला. तसेच ते 'ॲक्टिव्ह अवर्स'. दिवसातले जास्तीत जास्त अठरा तास आपण राखून ठेवू शकतो आणि उरलेल्या वेळेत संगणक आपोआप बंद होऊन सुरू होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी छापायला द्यायची पुस्तिका उघडी ठेवून रात्री उशिरा घरी गेलेल्या माणसाच्या संगणकाने त्या उरलेल्या सहा तासांत काय करावे, हे ठरवणारी कंपनी कोण? आणि अपडेट थांबवून ठेवायची मुभा तरी किती, तर पस्तीस दिवस. आंब्याचा मोसम पस्तीस दिवसांत संपत नाही.

विजेचे तर विचारूच नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या किती गावांनी किती दिवस अंधारात काढले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाला कसे झोडपून गेले, हे इकडे कुणाला सांगायला नको. पण वादळाचीही गरज नसते. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीला माडाची झावळी तारेवर पडली तरी लाइट जाते. यूपीएसची बॅटरी दहापंधरा मिनिटे धरते, तेवढ्यात काम जतन करायचे आणि संगणक रीतसर बंद करायचा, ही इथल्या प्रत्येक दुकानदाराच्या हाताला बसलेली सवय आहे. नेमक्या त्याच वेळी संगणक बंद करायला जावे तर निळ्या पडद्यावर गोल फिरणारे टिंब, खाली टक्केवारी, आणि संगणक बंद करू नका अशी आज्ञा. टक्केवारी सत्तावीसवर अडकलेली, यूपीएस शिट्टी मारू लागलेला, आणि माणसाच्या हाती त्याच्याकडे बघत राहण्यापलीकडे काही नाही. पावसाळ्यात हे दृश्य या पट्ट्यातल्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात बघायला मिळेल. वीज परत आल्यावर नशीब असेल तर केलेले बदल मागे घेत बसलेला संगणक दिसतो, आणि नसेल तर तो घेऊन दुरुस्तीला कणकवलीला जावे लागते. बंद करताना 'आत्ता फक्त बंद कर, बाकीचे नंतर' असे सांगण्याची सोय प्रत्येक वेळी, ठळकपणे, आणि दिलेला शब्द पाळणारी असावी, एवढे तरी पुढच्या अपडेटमध्ये करता येणार नाही का?

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण माझा खरा राग इथे आहे. सुरक्षेची दुरुस्ती नको असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले संगणक ओलीस धरले, त्यात इंग्लंडमधली इस्पितळेसुद्धा सुटली नाहीत, आणि ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली ते वाचले. म्हणजे अपडेट ही जीव वाचवणारी वस्तू आहे. मग अशा वस्तूची लोकांना भीती का वाटावी? कारण त्या दुरुस्तीच्या गाठोड्यात नवी बटणे, नवे मेनू, न मागितलेली ॲप आणि शिफारशी एकत्र बांधून पाठवल्या जातात. गळकी कौले बदलायला बोलावलेल्या माणसाने न विचारता चूलही उचलून पडवीत नेऊन मांडावी आणि वर 'आता हे असेच राहील' म्हणावे, तसा हा कारभार आहे. परिणाम काय होतो तो मी रोज पाहतो. नवा संगणक घेतला की गिऱ्हाईक दुरुस्तीवाल्याला पहिली गोष्ट सांगते ती अपडेट कायमचे बंद करून द्यायची, आणि तो विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून देतो. ज्या संगणकांवर अख्ख्या पंचक्रोशीची आधार कार्डे, सातबारे, पासबुकाच्या प्रती आणि मुलांचे दाखले साठलेले आहेत, ते संगणक असे महिनोन्महिने उघडे पडलेले असतात. दोष द्यायचा तो त्या गिऱ्हाइकाला? ज्यांनी दुरुस्ती आणि सजावट एकाच पुडीत बांधली त्यांनी लोकांना औषधाविरुद्ध उभे केले आहे, आणि ही गोष्ट अक्षम्य आहे.

त्यात पुन्हा जुन्या यंत्रांचे हाल. विंडोज १० ची मोफत साथ, म्हणजे दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले तेच ऑक्टोबर २०१७ मध्ये. म्हणजे २०१७ च्या मे महिन्यात कर्ज काढून नवा कोरा संगणक घेतलेला माणूस चारच वर्षांत, २०२१ मध्ये, अपात्र ठरला. कोकणातले कितीतरी संगणक मुंबईच्या कचेऱ्यांतून निघालेले, चाकरमान्यांच्या ओळखीने गावाला आलेले आहेत. ते उत्तम चालतात. त्यांच्यावर पत्रिका होतात, वर्गणीची पावतीपुस्तके होतात, ग्रामपंचायतीची कामे होतात. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणखी एक वर्ष सुरक्षा-दुरुस्त्या देऊ केल्या, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडा आणि मग संगणकाच्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे चढवा, किंवा त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा तीस डॉलर मोजा. युरोपमधल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अट काढण्यात आली. आपल्यासाठी ती राहिली. युरोपातल्या माणसाला जे फुकट देता येते ते आचऱ्याच्या किंवा जैतापूरच्या माणसाला का देता येत नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

आणि ही कंपनी नवे म्हणून दाखवते काय? मे २०२४ मध्ये 'रिकॉल' जाहीर केले, म्हणजे पडद्यावर जे दिसेल त्याची चित्रे संगणकाने थोड्या थोड्या वेळाने टिपून ठेवायची. लोकांनी ओरड केल्यावर ते लांबणीवर टाकावे लागले आणि मालकाने स्वतः चालू केल्याशिवाय ते चालू होणार नाही असे करावे लागले. ते चालायला सोळा जीबी रॅम आणि खास वेगळी चिप लागते. चार जीबीच्या संगणकावर पेजमेकर हा छपाईची पाने जुळवण्याचा जुना प्रोग्रॅम चालवणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

पेजमेकरचे नाव निघाले म्हणून मराठीचेही सांगतो, कारण अपेक्षांच्या याद्यांत तिचा उल्लेख मला क्वचितच दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. तरीही मराठी छपाईचा मोठा पसारा आजही तिच्यावर आणि श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टांवर चालतो. आंब्याच्या पेटीवरच्या लेबलापासून दशावताराच्या जाहिरातीपर्यंत वर्षानुवर्षांच्या फाइली त्यातच आहेत. 'विंडोज सोडा, फुकटची लिनक्स घ्या' म्हणणाऱ्यांनी त्या फाइली तिथे उघडून, जशाच्या तशा छापून दाखवाव्यात. आणि युनिकोडकडे जावे, तर तिथेही सुख नाही. विंडोज २००० पासून सोबत येणारा मंगल, तसेच कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट विंडोज १० मध्ये मूळ संचातून काढून ऐच्छिक पुरवणीत टाकले. संगणक फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकली आणि मराठी भाषा जोडलेली नसली की जुना अर्ज दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडतो, ओळी सरकतात आणि एका पानाचे पत्र दुसऱ्या पानावर सांडते. तो फॉन्ट आणायचा तर पुन्हा इंटरनेट. काही एमबींच्या या फॉन्टांना डिस्कवर जागा नाही, आणि न मागितलेल्या ॲपना आहे. शिवाय पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणे असे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितलेले असताना मंगलमध्ये हिंदीच्या वळणाची अक्षरे दिसतात. मे २०१९ च्या अपडेटमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करण्याचा) दिला, ते काम खरोखर चांगले झाले आणि मी ते गिऱ्हाइकांना आवर्जून दाखवतो. मनात आणले तर यांना जमते, म्हणूनच बाकीच्या बाबतीतली बेपर्वाई जास्त खटकते.

तेव्हा येणाऱ्या अपडेटकडून मला हवे ते एवढेच. सुरक्षेची दुरुस्ती स्वतंत्र, आकाराने लहान, आणि बाकी कशाचीही जोड न देता यावी. नवी सोय असेल तर ती काय आहे आणि किती एमबीची आहे हे मराठीत लिहून होकार घ्यावा, आणि 'नको' म्हटले की पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न विचारू नये. मालकाने हो म्हटल्याशिवाय संगणक आपणहून बंद होऊन सुरू होता कामा नये. आणि महिन्याची दुरुस्ती एकदा उतरवली की सेटिंगमधूनच एका बटणाने पेन ड्राइव्हवर घेता यावी. आजही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून फाइल वेगळी उतरवता येते, पण तिथे प्रत्येक अपडेटला दिलेल्या इंग्रजीतल्या केबी क्रमांकांच्या जंजाळातून आपल्याला लागणारी नेमकी फाइल शोधणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. ती सोय सोपी केली, तर तालुक्याच्या गावात चांगली रेंज असलेल्या एकाने ती रात्री उतरवावी आणि सकाळच्या एसटीने शाळेत, सोसायटीत, पलीकडच्या वाडीतल्या दुकानात पोहोचवावी. माणसे हे काम आनंदाने करतील, मी स्वतः करीन.