ब्राझील पाठ, मिठी नदी अनोळखी
भूगोल हा निव्वळ पाठांतराचा विषय आहे, हे एका लेखातील विधान मला अर्धेच पटले. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना करून शिकवले जाते, ही कल्पना उत्तमच आहे. परंतु मुंबईतील विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच भरती आली तेव्हा कुर्ल्यात का शिरली, हे आमच्या वर्गात कधी नकाशावर पाहिल्याचे आठवत नाही. (ॲमेझॉनचे खोरे मात्र मला अजूनही डोळे मिटून काढता येते.) समोच्चरेषांचा (नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) तो कंटाळवाणा धडा पवईच्या टेकडीवर उभे राहून शिकवला असता, तर पाणी सखल भागात का साचते हे वेगळे सांगावेच लागले नसते.