रूटची किल्ली कुणाच्या हाती

गेले काही आठवडे एक मजकूर सगळीकडे फिरतोय. ओळखीच्या तिघांनी तो मला पाठवला, त्यातल्या एकाने ‘हे तुमच्याबद्दलच आहे ना?’ असं विचारून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ओपन सोर्स प्रकल्पांचे सर्व्हर मोठ्या कंपन्यांच्या पैशावर चालतात; एकदा नीट उभारले की ते आपोआप चालत राहतात; कोड सगळ्यांसाठी खुला असल्याने हजारोंची नजर त्यावर असते, त्यामुळे वेगळी राखण लागत नाही; स्वयंसेवक हौसेखातर येतात, त्यांच्यावर कसली जबाबदारी नसते; आणि उरलंसुरलं काम आता एआय करेल.

मी अशाच एका प्रकल्पाच्या इन्फ्रा टीममध्ये, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या गटात, सहा वर्षं आहे. नोकरी वेगळी, हे काम संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. कोडपासून चालणारे प्रोग्राम बनवणारे बिल्ड सर्व्हर, तयार पॅकेजांचे मिरर (हुबेहूब प्रती), कोडचे रेपो (साठे), सदस्यांची खाती असं सगळं धरून चाळीसेक यंत्रं आहेत, आणि रूटचा, म्हणजे यंत्रावर काहीही बदलण्याचा, अधिकार असलेली माणसं पाच. त्यातले नियमित वेळ देऊ शकणारे तिघे. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण तो वाचून कुणी ‘म्हणजे इथे माझी गरज नाही’ असं ठरवत असेल, तर त्याला उत्तर द्यायलाच हवं.

पहिला मुद्दा पैशाचा. यात तथ्य आहे, ते आधी मान्य करते. आमची बहुतेक यंत्रं देणगीतून आलेली आहेत, बँडविड्थही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजं जिथून उतरवली जातात त्या पायपीआयचा प्रचंड भार फास्टली ही कंपनी मोफत उचलते. अशी मदत नसती तर हे जग उभंच राहिलं नसतं. पण देणगी ही देणाऱ्याच्या सोयीने चालते. लिनक्सच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या वेलँड, मेसा यांसारख्या प्रकल्पांचं घर असलेल्या फ्रीडेस्कटॉपला २०२५ च्या सुरुवातीला कळलं की ज्या क्लाउड सेवेवर त्यांची दान मिळालेली यंत्रं होती ती सेवाच बंद होतेय, आणि एप्रिलअखेर सगळं हलवायचं आहे. त्याच एप्रिलमध्ये ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ओपन सोर्स लॅबने जाहीर केलं की अडीच लाख डॉलर उभे राहिले नाहीत तर लॅब बंद करावी लागेल. ही लॅब २००३ पासून कितीतरी प्रकल्पांचे सर्व्हर सांभाळते आहे. ती तगली, कारण मदत आली. पण सर्व्हर दुसरीकडे हलवायची वेळ येते तेव्हा पैसा एकटा काही करत नाही. कुठली सेवा कुठल्या डेटाबेसवर अवलंबून आहे, कुठल्या यंत्रावर दहा वर्षांपूर्वी कुणी काय हाताने बदलून ठेवलंय, हे ठाऊक असलेलं माणूस लागतं. असं माणूस देणगीत मिळत नाही.

‘एकदा उभारलं की आपोआप चालतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सर्टिफिकेटचंच घ्या, म्हणजे वेबसाइट खरी असल्याची ब्राउझरला खात्री देणारा डिजिटल दाखला. ते मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण स्क्रिप्ट करते, म्हणजे खरंच आपोआप. मागच्या वर्षी आम्ही एका सबडोमेनची डीएनएस नोंद (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी) बदलली. पान उघडत होतं, सगळं ठीक दिसत होतं. नूतनीकरणाची पडताळणी मात्र जुन्या नोंदीच्या भरवशावर होती, ती दर रात्री अपयशी होत राहिली आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) एक ओळ टाकून गप्प बसली. पूर्वी मुदत संपायच्या आधी लेट्स एन्क्रिप्टकडून सूचनेची मेल यायची, ती जून २०२५ पासून बंद झाली. आम्हाला कळलं ते मुदतीच्या चार दिवस आधी, तेही आमच्यातली एकजण दर रविवारी सगळ्या तारखा एकदा डोळ्याखालून घालते म्हणून. आणि ही मुदत आता कमीच होत जाणार आहे: ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवल्याप्रमाणे मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४७ दिवसांचं असेल. स्क्रिप्टवरचा भरवसा वाढेल, तशी त्या स्क्रिप्टवर लक्ष ठेवण्याची गरजही वाढेल.

बॅकअपची गोष्ट याहून गंभीर आहे. मार्च २०१३ मध्ये लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीई प्रकल्पाचा मुख्य गिट सर्व्हर (गिट म्हणजे कोडचा पूर्ण इतिहास जपणारं साधन) अद्ययावत करून पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याची फाइल सिस्टिम बिघडलेली निघाली. तिथे जवळपास १५०० रेपो होते. काळजी नको, मिरर आहेत की! पण मिररचं कामच मुळी जसंच्या तसं करण्याचं. मुख्य सर्व्हरवरची रेपोंची यादी बिघडली होती, मिररनी तीच खरी मानली आणि यादीत नसलेले रेपो आपल्याकडूनही पुसून टाकले. यंत्रणेने सांगितलं तेच केलं, इमाने इतबारे. सुदैवाने एका यंत्रावर पूर्ण प्रत शाबूत राहिली होती आणि तिच्यावरून सगळं परत उभं राहिलं. ही हकिकत केडीईच्या लोकांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवली, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी रीस्टोरचा सराव होतो तो ती वाचल्यापासून. कोऱ्या यंत्रावर बॅकअप उतरवायचा, गिटची तपासणी चालवायची, डेटाबेसमधल्या ओळी मोजून मूळाशी जुळवायच्या. शनिवारची पूर्ण दुपार जाते. दुसऱ्याच सरावात लक्षात आलं की बॅकअप उघडायचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) ज्या यंत्रावर ठेवला होता, त्याच यंत्राचा तो बॅकअप होता. आता तो कागदावर लिहून दोन वेगळ्या माणसांच्या घरी ठेवलाय.

डिस्क भरणं, कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) पॅच म्हणजे दुरुस्त्या, रात्री दोनला येणारे अलर्ट हे सगळं त्याशिवाय आहेच. त्यावर वेगळं लिहीत नाही.

तिसरा मुद्दा हजारो डोळ्यांचा. कोड खुला आहे म्हणजे कुणीही बघू शकतं. कुणीतरी बघतंच असं नाही. हार्टब्लीड नावाची चूक ओपनएसएसएलच्या, म्हणजे वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कोडमध्ये शिरली ती २०११ च्या शेवटच्या दिवशी, मार्च २०१२ च्या आवृत्तीतून ती जगभर गेली आणि उघड झाली ७ एप्रिल २०१४ रोजी. एका मागणीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा हाती लागत होता, पासवर्ड असो की सर्व्हरची गुप्त किल्ली. दोन वर्षं कुणाच्याही डोळ्याला ते दिसलं नाही. त्या काळात निम्मं इंटरनेट ज्याच्या भरवशावर होतं त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळायची सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जवळपास एकच.

एक्सझेडची घटना तर थेट आमच्या कामाच्या मर्मावर येते. फाइली लहान करणारी ही छोटीशी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात असा कोड, एकट्या स्वयंसेवकाने वर्षानुवर्षं सांभाळलेली. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदत करू लागलं. पॅच चांगले होते. मग इतर काही अनोळखी नावं मूळ मेंटेनरच्या (ती सांभाळणाऱ्या त्या स्वयंसेवकाच्या) मागे लागली: कामं रखडतायत, नव्या माणसाला अधिकार द्या. तो माणूस थकलेला होता, आपली तब्येत आणि हे बिनपगारी काम याबद्दल त्याने उघडपणे लिहिलंही होतं. हळूहळू अधिकार दिले गेले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएचमधून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या साधनातून) आत शिरायची चोरवाट होती. आता डोळ्यांचं काय झालं ते पाहा. चोरवाटेचा मूळ ऐवज चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला होता, आणि बिल्डच्या वेळी तो बाहेर काढणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. तो फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात, होता. रेपो कितीही जणांनी वाचला असता तरी ती ओळ तिथे सापडली नसती. ती पकडली पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएचचं लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय हे त्यांना खटकलं आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं जाहीर केलं. तोवर डेबियन आणि फेडोरा या लिनक्स प्रकारांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलं होतं.

हजारो डोळ्यांच्या भरवशावर बसणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून कामधाम बाजूला ठेवून तपास करणारी माणसं किती? त्या घटनेनंतर आम्ही रिलीजचे टारबॉल हाताने बनवणं बंद केलं. आता ते गिटमधल्या खूण केलेल्या आवृत्तीवरून (टॅग) बिल्ड सर्व्हर बनवतो, दुसरं यंत्र तेच स्वतंत्रपणे बनवतं आणि दोन्हींचे हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारे ठसे) जुळले तरच डिजिटल स्वाक्षरी होते. या बदलाला आम्हाला सात महिने लागले.

चौथं म्हणणं: स्वयंसेवकांवर जबाबदारी नसते. सॉफ्टवेअरच्या परवान्यातच लिहिलंय, ‘कोणतीही हमी नाही’. परवान्यात लिहिलंय हे खरं. पण परवाना कोर्टासाठी असतो. रात्री अकरा वाजता काय करायचं हे तो सांगत नाही.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन प्रवासात हरवला आणि त्याबरोबर लॉगिनचा दुसरा कोडही गेला. आठ वर्षं पॅकेज अपलोड करण्याचा अधिकार असलेला माणूस. दोन दिवसांवर रिलीज. त्याने लिहिलं, ‘तू मला ओळखतेस. ते टू-फॅक्टर काढून टाक, मी नवीन लावतो.’ मी त्याला खरंच ओळखत होते. लिहिण्याची ढब त्याचीच होती. पण ज्याने त्याचा मेलबॉक्स ताब्यात घेतला असता, त्यानेही नेमकं हेच, याच ढबीत लिहिलं असतं. त्याच्या जुन्या मेल वाचून ते जमतं. आमच्या नियमाप्रमाणे मी त्याच्या नोंदवलेल्या जीपीजी कीने (डिजिटल स्वाक्षरीच्या किल्लीने) स्वाक्षरी केलेला मजकूर मागितला. ती की दुसऱ्या लॅपटॉपवर होती आणि लॅपटॉप त्याच्यापासून लांब. मग दुसरा रस्ता: त्याच्याबरोबर काम केलेल्या दोन जणांनी वेगवेगळा व्हिडिओ कॉल करून खात्री द्यायची, त्याच्या सगळ्या नोंदवलेल्या ईमेल पत्त्यांवर सूचना जाणार, आणि त्यानंतर ७२ तास थांबायचं, म्हणजे खरा मालक दुसराच असेल तर त्याला हरकत घेता यावी.

तो भडकला. ‘आठ वर्षं फुकट राबलो, त्याचं हे फळ?’ मला वाईट वाटलं, अजून वाटतं. डेटाबेसमधली एक ओळ पुसायची होती, टर्मिनल समोर उघडं होतं, आणि माझ्यावर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं. मी ते केलं नाही. रिलीज तीन दिवस उशिरा आलं. एक्सझेडच्या मेंटेनरवर जो दबाव आला त्याचं रूपही असंच होतं: घाई, तक्रार, उपकाराची आठवण. आमचा सहकारी प्रामाणिक होता, पण नियम मोडायची सवय प्रामाणिक माणसापासूनच लागते. असा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा त्याला आम्ही दीड-दोन वर्षं जवळून पाहतो: आधी टिकेटं (मदतीसाठी आलेल्या तक्रारी), मग लॉग वाचण्याचा अधिकार, मग एखादं कमी महत्त्वाचं यंत्र. म्हणून कुणी सोडून गेलं की ती जागा महिन्याभरात भरत नाही. याला जबाबदारी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

राहता राहिला एआय. लॉगमधून काहीतरी शोधायला, कॉन्फिगमधली चूक दाखवायला ही साधनं कामाला येतात, मी स्वतः वापरते. पण सध्या आमचे सर्वाधिक तास खाते ती एआयची दुसरी बाजू. मॉडेलांना शिकवायला मजकूर गोळा करणारे बॉट गिटच्या वेबपानांवर तुटून पडतात. आमचा रेपो जुना आहे, त्यात लाखाच्या वर कमिट (नोंदवलेले बदल) आहेत, आणि प्रत्येक कमिटमधल्या प्रत्येक फाइलचं वेगळं पान बनू शकतं. माणूस अशी पाचदहा पानं उघडतो. बॉट सगळीच मागतो, आणि ‘ही ओळ कुणी, कधी लिहिली’ हे दाखवणारं प्रत्येक पान सर्व्हरला त्याच वेळी इतिहास चाळून तयार करावं लागतं. हा अनुभव एकट्या आमचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने सांगितलं की त्यांच्याकडे एकूण पानांपैकी बॉट बघतात सुमारे ३५ टक्के, पण सगळ्यात खर्चिक मागण्यांपैकी ६५ टक्के बॉटच्या असतात. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पाने तर आपल्या गिटलॅबच्या, म्हणजे कोडच्या संकेतस्थळाच्या, दारात अनुबिस हे साधन बसवलं. आत सोडण्याआधी ते ब्राउझरला एक छोटं गणित सोडवायला लावतं.

आम्ही इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून (आयपी) मिनिटाला किती मागण्या चालतील याची मर्यादा घातली. भार उतरला. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेचं टिकेट आलं: वर्गातल्या साठ जणांना आमचा कोड दाखवत होते, पाच मिनिटांत सगळ्यांची पानं बंद झाली. लॉगमध्ये तो वर्ग हुबेहूब बॉटसारखा दिसत होता: एकच पत्ता, एकाच क्षणी भराभर मागण्या, त्याच त्या फाइली. फरक एवढाच की साठांपैकी बरेच जण एका चुकीच्या नावाच्या फाइलवर जाऊन परत आले होते, बहुधा फळ्यावर तसं लिहिलं गेलं असावं. मी तो पत्ता मर्यादेतून वगळला, शिक्षिकेला कळवलं आणि पुढचा तास कधी आहे ते विचारून घेतलं. गुरुवारी सकाळी आहे, त्या वेळी मी लॉगवर बसणार आहे.