1900 कॅलरी कोणत्या बाईला?

"बाईला दिवसाला 1900 कॅलरी पुरतात" हे वाचून तिथंच अडकलो भाऊ. कोणत्या बाईला? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात 55 किलोच्या बाईला बैठ्या कामासाठी 1660, मध्यम कामाला 2130 अन् जड कामाला 2720 दिल्या आहेत, म्हणजे वजन सारखं तरी हजाराच्या वर फरक. आमच्याकडं कापूस वेचणीत माय पहाटे भाकरी थापून वावरात जाते, दिवसभर वाकून वेचते, घरी आली की परत चूल अन् पाणी भरणं. डब्यात काय, तर दोन भाकरी, ठेचा, कांदा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठाचे साडेतीनशेच्या आतच होतात, लावा हिशोब. वरण रात्री, तेही सगळ्यांचं जेवून उरलं तर!

अन् ते तेल कमी करा वालं बैठ्या लोकांसाठी लिहा ना बाप्पा. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, भाकरीतल्या पिठूळ भागाला 4. जवसाच्या चटणीवर माय कच्चं तेल ओतून घ्यायची तर मीच मोबाईलवर वाचून तिला टोकायचो, ते टोकणं बंद केलं आता.