पंप असताना गॅस कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. लांबच्या राइडला निघताना सॅडल बॅगेत (सीटखालच्या पिशवीत) पंक्चरनंतर टायर झटपट फुगवण्यासाठी सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूची, दोन नळकांडी ठेवावीत, असे मी लिहिले होते. त्यावर आपले आक्षेप असे की हा पैशांचा आणि पोलादाचा अपव्यय आहे, हा वायू टायरमध्ये रात्रभरही टिकत नाही, आपल्या एमटीबीचे (माउंटन बाइकचे) टायर 16 ग्रॅमच्या नळकांड्याने धड भरलेही नाही, आणि गावोगावी पंक्चरची दुकाने असताना हातपंपावर कोणाचेही भागू शकते. शिवाय दाबाखालचा वायू सोबत बाळगणे आपल्याला धोक्याचे वाटते.

टायर न भरण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो निव्वळ गणिताचा आहे. 16 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा सोडला, तर साधारण तापमानाला तो सुमारे 9 लिटर जागा व्यापतो. रोडबाइकच्या 25 मिलिमीटर रुंद टायरची पोकळी जेमतेम 1 लिटरची असल्यामुळे तेवढ्या वायूने दाब 120 पीएसआयच्या (पीएसआय हे टायरमधील दाबाचे एकक) घरात जातो. 32 मिलिमीटरच्या टायरमध्ये तोच वायू 75 ते 80 पीएसआयवर थांबतो. आपल्या 29 इंची चाकावरच्या 2.2 इंची टायरची पोकळी मात्र 5 लिटरांहून अधिक भरते. तेथे फार तर 25 पीएसआय मिळणार, आणि इन्फ्लेटर (नळकांड्यातील वायू टायरमध्ये सोडणारी तोटी) व्हॉल्व्हवर बसवताना थोडा वायू निसटला तर त्याहूनही कमी. म्हणजे नळकांडे सदोष नव्हते, त्या टायरला ते अपुरे होते. अशा टायरसाठी 25 ग्रॅमचे नळकांडे घ्यावे किंवा सरळ पंपच वापरावा. रुंद टायरला दाब कमी लागतो आणि तेवढा पंपाने विनासायास भरता येतो.

वायू टिकत नाही, हे आपले निरीक्षण अचूक आहे. ट्यूबच्या ब्युटिल रबरात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा अधिक विरघळतो आणि त्यातून बाहेर झिरपतो, म्हणून संध्याकाळी टणक असलेले चाक दुसऱ्या दिवशी मऊ लागते. पण या वायूकडून अपेक्षा घरी पोहोचण्यापुरतीच असते. घरी आल्यावर उरलेला वायू सोडून द्यावा आणि उभ्या पंपाने साधी हवा भरावी.

खरा मतभेद आहे तो हातपंपावर कोणाचेही भागते या विधानाशी. मिनी पंपाने अरुंद टायर 90 ते 100 पीएसआयपर्यंत न्यायला शेकडो हिसके द्यावे लागतात, आणि सगळा जोर लागतो तो शेवटच्या टप्प्यात. दणकट खांद्याच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण मनगट दुखावलेल्या, वय झालेल्या किंवा आधीच दीडशे किलोमीटर दमलेल्या सायकलस्वाराचे काय? 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला) 13 तास 30 मिनिटांची मुदत असते आणि नियमानुसार मदतीच्या गाडीचा आधार नियंत्रण-ठिकाणांखेरीज कोठेही घेता येत नाही. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधील बारीक पोलादी तारा पसरलेल्या असतात, त्यामुळे पंक्चर नेमके तेथेच होते जेथे थांबणे सर्वांत नकोसे असते. अंधारात, मागून कंटेनर भरधाव येत असताना, हवा भरण्याचे काम पंधरा मिनिटांवरून काही सेकंदांवर आले तर त्यासाठी मोजलेले पैसे मला अपव्यय वाटत नाहीत.

पंक्चरच्या दुकानांवरचा आपला भरवसाही सरसकट नसावा. ताम्हिणी किंवा वरंध घाटात मैलोन्मैल दुकान नाही, आणि जेथे आहे तेथील कॉम्प्रेसरची नळी मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी असते. आपल्या एमटीबीला मोटारीसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असेल तर प्रश्न नाही; बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असलेल्याने मात्र पितळी अडॅप्टर जवळ ठेवलाच पाहिजे. तो अगदी स्वस्त मिळतो आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. पंप घरी ठेवा, असे मी कोठेही सुचवलेले नाही. नळकांडे एकदाच वापरता येते. बाभळीचा काटा टायरच्या आत तसाच राहिला असेल, तर वायूही गेला आणि नवी ट्यूबही गेली. म्हणून आधी टायर आतून फडक्याने चाचपून काटा किंवा तार काढावी, नवी ट्यूब घालून पंपाने तिला आकार येईल इतपतच हवा भरावी, ट्यूब टायरच्या कडेखाली कोठे चिमटली नाही हे दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावे आणि मगच वायू सोडावा. ट्यूबलेस टायरमध्ये वायू सोडताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घ्यावा, कारण थंडगार वायूचा झोत थेट सीलंटवर (टायरमधील छिद्रे बुजवणाऱ्या द्रवावर) पडला तर काही सीलंट गोठून त्याच्या गुठळ्या होतात. आतील द्रवाची वाफ होताना नळकांडे इतके गार पडते की त्यावर हिम धरते. उघड्या हाताने धरल्यास कातडी भाजल्यासारखी होते, तेव्हा सोबतचे आवरण फेकून देऊ नये.

पर्यावरणाच्या मुद्द्यात वायूचा वाटा नगण्य आहे: माणूस दिवसाला साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर टाकतो, म्हणजे 16 ग्रॅम ही निवांत बसलेल्या माणसाच्या अर्ध्या तासाचीही कमाई नाही. पोलादी कवचाबद्दलचा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. रिकामी नळकांडी घाटात भिरकावणारे महाभाग मीही पाहिले आहेत. ती परत आणून पूर्ण रिकामी झाल्याची खात्री करून भंगारात द्यावीत; साधे पोलाद असल्याने भंगारवाला ती नाकारत नाही.

राहिला धोका. 20 अंश सेल्सिअसला आतील दाब वातावरणाच्या सुमारे 57 पट असतो, आणि 31 अंशांच्या पुढे द्रव व वायू असा भेदच उरत नसल्याने उष्णतेबरोबर दाब झपाट्याने चढतो. नळकांडी हे गृहीत धरूनच बनवलेली असतात आणि सॅडल बॅगेत ती सुरक्षित राहतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मात्र ती ठेवू नयेत, आणि विमानाने जायचे असेल तर कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी किंवा, त्याहून सोपे म्हणजे, पोहोचल्यावर तेथेच विकत घ्यावीत.