चोवीस शब्दांचं लॅमिनेशन

परवाच्या गुरुवारी मी माझी तिजोरी लॅमिनेशनच्या मशीनमधून गरम गरम बाहेर येताना बघितली. वीस रुपये झाले. ते पण मीच दिले.

माझ्याकडं थोडे बिटकॉईन हायेत, म्हणजे सव्वा अकरा हजाराचे, हसू नका. 2024 च्या जुलैमध्ये देशातल्या एका मोठ्या एक्सचेंजवर, म्हणजे बिटकॉईनसारख्या कॉईनच्या ऑनलाइन बाजारावर, सुमारे 23 कोटी डॉलरचा डल्ला पडला, माझा तिथं छदाम नव्हता, पण झोप माझी उडाली आणि शेवटी साडेसात हजाराचं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉईनची चावी आपल्याच हातात ठेवणारी छोटी डबी, मागवलं. अकरा हजार ठेवायला साडेसात हजाराची डबी, हे गणित बायकोनं एकदाच मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि परत विषय काढला नाही, तेच जास्त लागलं.

दार लावून बसलो. पिन टाकला (तीनदा चुकला की डबी स्वतःला पुसून घेती), मग त्या बोटभर स्क्रीनवर एकेक करत 24 इंग्रजी शब्द आले, ते हातानं कागदावर क्रमानं उतरवायचे. फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर टाइप करायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. डबी हरवली तरी हे शब्द नव्या डबीत टाकले की पैसे परत, आणि हे शब्द दुसऱ्याच्या हाती गेले की पैसे त्याचे, मग डबी तुमच्या बनियनच्या खिशात का असंना.

तेवढ्यात अण्णा. आमच्या घरात लावलेलं दार म्हणजे आत काहीतरी बघण्यासारखं चाललंय एवढाच अर्थ होतो.

"पैसे हायेत व्हय ह्या डबीत?"

"नाही. पैसे जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरच्या वहीत लिहिलेले. डबीत फक्त चावी."

"म्हणजे सातबारा."

बघा, मी सहा महिने व्हिडिओ बघून जे कळलं नव्हतं ते ह्यांना एका शब्दात. मग म्हणले तलाठी कोण? म्हणलं तलाठीच नाही. "तलाठी नाही तर फेरफार कोण ओढतो?" ह्याच्यावर अर्धा तास गेला आणि शेवटी मी कटाळून म्हणलो, अण्णा, एवढंच ध्यानात ठेवा, हा कागद लई महत्त्वाचा, ह्याला पाणी लागता कामा नये. लातुरात पाण्याची भीती घालणारा मी पहिलाच असेन, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव आहे हे. कागद बालाजीच्या फोटोमागं ठेवला.

गुरुवारी ऑफिसातून आलो तर बालाजी होते, कागद नव्हता. "अण्णा झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेलेत, पाणी लागू नये म्हणून," बायको भाजी निवडता निवडता म्हणली.

आमच्यापासून दोन गल्ल्यांवर ट्यूशन एरिया. तिथलं झेरॉक्सचं दुकान म्हणजे नोट्स, टेस्ट पेपर, पीक विमा, पॅन कार्ड सगळं एकाच काउंटरवर, आणि समोर पाठीला सॅक लावलेली पंधरा-वीस पोरं. अण्णा खुर्चीवर बसून चहा पिऊ लागलेले. आणि झेरॉक्सवाला माझा कागद उजेडाकडं धरून मोठ्यानं वाचायलाय.

"या सर! तुमचंच चाललंय. अक्षर लई घाण हाय हो. तेरावा शब्द लागंना, म्हणून ह्या पोरांना विचारलं."

"पोरांना कामून?"

"आता लॅमिनेट झाल्यावर दुरुस्ती कुठून करणार? आपल्याकडून चुकीचं काम जात नाही."

मी म्हणलं द्या तो कागद. तो म्हणला थांबा की, स्कॅन करून घेतला, पण डाग दिसायला लागले, मग टाइपच करून टाकलं, टायपिंगचे पैसे नका देऊ, अण्णा आपले जुने. कॉम्प्युटरकडं बघितलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात अँटीव्हायरस संपल्याचा लाल डबा लुकलुकायलाय आणि डेस्कटॉपवर फाइलचं नाव 'अण्णा इम्पॉर्टंट'. फोटो नको, टायपिंग नको, कुणाला दाखवणं नको, तिन्ही नेम ह्या माणसानं दहा मिनिटात मोडले होते आणि वर घाम पुसत होता.

"आणि एक सांगू का," तो आवाज खाली आणून म्हणला, "'डाँकी' दोनदा आलता. एक काढून टाकला."

"अहो, येऊ शकतो दोनदा!"

"दोन गाढवं कशाला एका पानावर?" हे म्हणताना तो माझ्याकडं बघत होता का अण्णांकडं, मला अजून कळलेलं नाही. "मग तेवीसच राहिले, बरं दिसंना, म्हणून खाली 'थँक यू' टाकलं."

हे बिटकॉईनचं आहे म्हणावं तर अख्ख्या रांगेला कळणार, गप बसावं तर कागद फिरायलाय. रांगेतली एक पोरगी, चष्मा, हातात बायोलॉजीचा गठ्ठा, म्हणली, "सर, हे कुठल्या क्लासचं व्होकॅब हाय?" मी म्हणलं पुतणीचं शुद्धलेखन. "मला झालं पाठ," ती म्हणली. "क्रमानं. 'बफेलो' नंतर 'अंकल', मग 'अनियन'. मी नुसती पहिली चार-चार अक्षरंच धरली, तेवढ्यावर शब्द आठवतो."

माझे पाय गार पडले. डबी हे शब्द ज्यातून काढती ती 2048 शब्दांची यादी बनवतानाच अशी बनवलीय की पहिल्या चार अक्षरांवर प्रत्येक शब्द वेगळा ओळखू यावा, आणि हे ह्या पोरीनं लॅमिनेशन तापेपर्यंत हुडकून काढलं. जगभरच्या चोरांपासून जपायची सोय आहे हो त्या डबीत, लातूर पॅटर्नपासून नाही. मागं कुणीतरी म्हणलं, "काका, मला पण एक कॉपी." दोन रुपयात दिली. माझ्यासमोर!

तसं झेरॉक्सवाल्याला काय बोलायचं. आपली सगळीच कागदं त्याच्याकडं पडलेली हायेत. सिमकार्डाला आधारची झेरॉक्स, गॅसला झेरॉक्स, पोराच्या ॲडमिशनला तीन प्रती, लॉजवर रात्र काढायची तर एक, आणि बिघडलेली प्रत खाली बादलीत, माझाच फोटो वर तोंड करून. बँकेत काउंटरवाली बाई ओटीपी मोठ्यानं विचारती आणि मागचे चारजण आपल्या आधी सांगतात. अशा गावात मी 24 शब्द गुपित ठेवणार होतो.

शब्द फुटले म्हणजे ती चावी संपली. एका रात्रीत सगळे पैसे परत एक्सचेंजवर पाठवले, डबी पुसली, नवे 24 शब्द उतरवले, आधी शंभर रुपयाचं पाठवून बघितलं, मग डबीच्या स्क्रीनवरचा पत्ता अक्षर अन् अक्षर जुळवून बाकीचे आणले. प्रत्येक खेपेला फी. सव्वा अकराचे साडेदहा राहिले. आणि 2022 च्या एप्रिलपासून सरकार ह्याच्या फायद्यावर 30 टक्के घेतं, त्याच वर्षीच्या जुलैपासून विकताना 1 टक्का टीडीएस, पण तोटा झाला तर तो कशातच वळता होत नाही, एका कॉईनचा दुसऱ्या कॉईनच्या फायद्यात पण नाही. फायद्यात भागीदार, तोट्यात रामराम. असला पाहुणा घरात येऊ देतो का कोणी?

अण्णांना बोललो नाही. ते बिचारे दोन लॅमिनेटेड प्रती घेऊन आले होते, दुसरी धाकट्याच्या घरी ठेवायला. नवा कागद कुठं ठेवलाय ते बायकोला पण सांगितलं नाही, त्यावरून चार दिवस घरात मुक्यानं जेवण चाललंय, आणि मी मेलो तर ते साडेदहा हजार कुणालाच मिळणार नाहीत हे पण तिनंच आज सकाळी ऐकवलं.

काल संध्याकाळी दुकानासमोरून खाली मान घालून चाललो होतो. रस्त्याच्या पलीकडून आवाज आला, "सर! भाग दोन कधी आणायलाव? पोरं विचारायलेत!"