अंगठ्या तारण ठेवणारी बाई भीक मागत नव्हती

नमस्कार,

महामंदीत अमेरिकेतल्या सामान्य माणसांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि त्यांच्या पत्नी एलिनॉर यांना लिहिलेल्या पत्रांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं की, लोकांनी संघटित होऊन लढायचं सोडून राष्ट्राध्यक्षाला मायबाप मानलं, त्याच्यापुढे पदर पसरला आणि पदरात पडलं ते छापील उत्तर. ‘पत्रांनी कुणाचं पोट भरलं?’ असंही तुम्ही विचारलंत.

छापील उत्तराचं खरं आहे. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट यांचा शपथविधी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात साडेचार लाखांच्या आसपास पत्रं आली. आधीचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या काळात जे टपाल एकटा माणूस सांभाळायचा, त्यासाठी आता कारकुनांची फौज बसवावी लागली. एलिनॉरबाईंनी तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका मासिकातून ‘मला लिहा’ असं जाहीर आवाहन केलं होतं. बहुतेक पत्रं मदतकार्याच्या खात्यांकडे जायची आणि उत्तर यायचं की तुमच्या भागातल्या कचेरीत अर्ज करा.

पण भीक? न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका गरोदर बाईचं जानेवारी १९३५ चं पत्र बघा. बाळासाठी कपडे घेऊन द्या, नवऱ्याला पुरेसं काम मिळालं की पैसे फेडीन, असं तिने आधी एलिनॉरबाईंना कळवलं होतं. उत्तर आलं, कल्याण संस्थेकडे जा. तिला दान नकोच होतं. म्हणून तिने पुन्हा पत्र लिहिलं आणि सोबत दोन अंगठ्या पाठवल्या: एक लग्नाआधी नवऱ्याने दिलेली, दुसरी तिची आई घालायची ती. पैसे फिटेपर्यंत या तारण म्हणून ठेवून घ्या, म्हणाली. पदर पसरणारं माणूस तारण देत नाही हो. उसनं मागणाऱ्या, फेडायची धमक असलेल्या बाईला तुम्ही लाचार म्हणालात, ते मला फार लागलं.

दुसरं पत्र जॉर्जियातलं, ऑक्टोबर १९३५ चं. लिहिणारी व्यक्ती कृष्णवर्णीय. मदत वाटणारे स्थानिक अधिकारी गोऱ्यांना घोंगड्या नि कापडाचे तागे देतात, आम्हाला मात्र खारवलेल्या मांसाचे मोजके डबे, अशी तक्रार आहे. खाली सही नाही. सही केली तर मारहाण करून हाकलून देतील आणि हे माझं घर आहे, असं कारण दिलंय. ‘स्थानिक पातळीवर आवाज उठवायचा’ असं तुम्ही सुचवता. कुणापुढे उठवायचा? ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच तिथे शिधा वाटत होता. त्याला ओलांडून वर दाद मागायची, तर पाकीट आणि तिकीट एवढंच हाताशी होतं. हे पत्र लिहायला जी छाती लागली असेल, तिला मी तरी लढाच म्हणते.

आणि संघटित होऊन माणसं गेलीच नव्हती असंही नाही. पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक कबूल झालेला बोनस लवकर द्या म्हणून १९३२ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन बसले. २८ जुलैला सैन्याने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकावलं, झोपड्या जळाल्या. हे देशभर माहीत असताना लोक पुढच्या वर्षी लाखोंनी लिहायला बसले. त्यांना सरकारचा कडवा अनुभव नव्हता असं समजू नका.

एका बाबतीत तुमच्याइतकाच संताप मलाही येतो. १४ ऑगस्ट १९३५ ला सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही झाली आणि त्याच्या वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामकरी नेमके त्यांतलेच होते. त्यांची गाऱ्हाणी व्हाइट हाऊसपर्यंत पोचत होती, तरी कायद्यात त्यांना जागा मिळाली नाही. याचा जाब काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला विचारा, रूझवेल्टना विचारा; जिवाच्या भीतीने सहीसुद्धा न करता ज्यांनी लिहिलं, त्यांना नको.