श्नायडर कोण होता हे कॉलेजात कुणी सांगतच नाही

इम्प्लांट करणाऱ्या डेंटिस्टसमोर श्नायडेरियन मेम्ब्रेनचं नाव काढा, लगेच सावध होतो. वरच्या दाढेच्या जागी हाड कमी असलं की सायनस लिफ्ट करावी लागते, म्हणजे दाढेच्या वरच्या हवेच्या पोकळीचं (सायनसचं) अस्तर वर उचलून खाली हाडासाठी जागा करायची, तेव्हा सायनसच्या आतलं हे अस्तर बोथट इन्स्ट्रुमेंटने हळूहळू हाडापासून सोडवायचं, निरोगी असेल तर जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते, पेशंटच्या श्वासाबरोबर ते हलताना दिसलं की जीव भांड्यात पडतो, फाटलेलं नाही.

पण ज्याचं नाव आपण रोज घेतो तो माणूस कोण, हे कुणी शिकवत नाही आणि मला ते मनापासून खटकतं.

कॉनराड व्हिक्टर श्नायडर. जन्म १६१४, बिटरफेल्डचा. १६१८ ला जर्मनीत तीस वर्षांचं युद्ध पेटलं, म्हणजे बालपण, शिक्षण सगळं त्या धामधुमीत. पुढे विटेनबर्गला प्रोफेसर झाला, १६८० मध्ये तिथेच वारला.

त्या काळी मोठमोठे डॉक्टर मानायचे की सर्दीचा शेंबूड मेंदूत तयार होतो आणि नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून, म्हणजे आपल्या क्रिब्रिफॉर्म प्लेटमधून, खाली गळतो. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनपासून जवळपास दीड हजार वर्षं हेच! मग मेंदू साफ करायचा म्हणून शिंका आणणाऱ्या पुडी द्या, जुलाब द्या. आणि कोरडी कवटी हातात घेतली तर पटतंही हो, भोकं समोर दिसतात ना. श्नायडरने नीट डिसेक्शन करून दाखवलं की ती भोकं मोकळी नाहीतच, वासाच्या नर्व्हचे धागे आणि आवरणं यांनी भरलेली आहेत, वरून खाली यायला वाटच नाही. शेंबूड तयार होतो तो नाकातल्या ओल्या अस्तरातच, आणि सायनसमधलं आपलं ते अस्तर म्हणजे याचाच पुढचा भाग, म्हणून त्याला श्नायडरचं नाव. १६५५ ला त्या एका हाडावर अख्खं पुस्तक लिहिलं त्याने, आणि १६६० पासून सर्दीवरचा 'डी कटारिस' हा ग्रंथ, तोही अनेक भागांत. एवढ्या जुन्या समजुतीला हात घालायचा तर तेवढं लिहावंच लागत असणार. पुढे १६७० ला इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअरनेही मेंदूतून सर्दी गळत नाही हेच मांडलं.

माझं म्हणणं एवढंच, फर्स्ट इयरला कवटी शिकवताना भोकांची नावं पाठ करून घेण्याआधी पोरांना विचारा की या चाळणीतून जिवंत माणसात काहीच का गळत नाही, आणि अपघातात हेच हाड फुटलं की नाकातून मेंदूभोवतीचं पाणी का येतं. श्नायडर तिथेच शिकवून होतो.